खारं खत

मालाडच्या बाजारात मथुरा आणि जानकी या दोघी जावा एकाच गोणपाटावर बसत. पाट्या दोन आणि दोन पाट्यांच्या मधे वीतभर जागा. ती जागा मथुरेनं हट्टानं राखली होती. जानकीची पाटी हळूहळू आपल्याकडे सरकते, असं तिचं म्हणणं होतं. पाटी बिचारी होती तिथंच होती. सरकत होतं ते गिऱ्हाईक, आणि तेही मथुरेकडून जानकीकडे.

त्या दिवशी जानकीला यायला उशीर झाला. मनोरीहून पहिल्या होडीत दोघी बसल्या होत्या, पण मार्वेच्या धक्क्यावर बसच्या कंडक्टरनं एकच पाटी घेऊ दिली आणि मथुरेनं आपली चढवली. थोरली होती ती, मान तिचा. बाजारात पोचल्यावर तिनं गोणपाट अंथरलं, मुळ्याच्या जुड्या रचल्या आणि वर पाणी शिंपडलं. काय मुळा होता! मनगटाएवढा जाड, पांढराशुभ्र, वर हातभर पाला. आसपासच्या भाजीवाल्यांत असा माल कुणाकडे नव्हता. आज जानकी नाही, आज बघूच, असं म्हणून मथुरा ऐसपैस मांडी घालून बसली.

दर आठवड्याला येणारी एक गुजराती बाई आली. तिनं एक मुळा उचलला, शेंडा मोडला, नाकाशी नेला आणि परत जुडीवर ठेवला.

"वो दूसरी बाई नहीं आयी?"

"मैं हूँ ना. एकच घर है हमारा. पानी भी एकच तलाव का."

"तेरा मुळा शाम तक ढीला पड जाता है. उसका तीन दिन चलता है. मैं रुकती."

आणि ती खरंच थांबली. चहावाल्याच्या बाकड्याला टेकून, पिशवी पोटाशी धरून उभी राहिली. मग एक पारशी म्हातारा आला, तोही थांबला. मग शाळेतली एक मास्तरीण. तिघंही रस्त्याकडे बघत होते आणि मथुरा त्या तिघांकडे. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

जानकी पुढच्या बसनं आली. घामानं चोळी पाठीला चिकटलेली. तिची पाटी उतरवायला तो पारशी म्हातारा स्वतः पुढे झाला. जानकीचे मुळे बोटभर जाडीचे, काही तर वाकडे, मुळांना माती तशीच. लाल माठ मात्र गर्द लाल. अर्ध्या तासात पाटीचा तळ दिसला. मथुरेच्या अजून निम्म्याहून जास्त जुड्या पडून होत्या आणि त्यांचा पाला मान टाकायला लागला होता.

"जाऊबाय, दे त्या इकडं," असं म्हणत जानकीनं मथुरेच्या जुड्या आपल्या रिकाम्या पाटीत ओढल्या. "घ्या हो ताई, हा पण आमच्याच घरातला हाय. आज केलात तर झकास लागंल."

जानकीच्या शब्दावर जुड्या खपल्या. मथुरा हातात पाण्याचा तांब्या घेऊन नुसती बसून राहिली. जानकीनं भांडण केलं असतं, गिऱ्हाईक तोडलं असतं, तर मथुरेला चार शिव्या तरी देता आल्या असत्या. परतीच्या होडीत ती जानकीकडे पाठ करून बसली.

*

मथुरेचा नवरा अनंता आणि जानकीचा नवरा हरेश्वर हे सख्खे भाऊ. वाडी वाटून घेतली तेव्हा अनंता परळला गिरणीत होता आणि मथुरा एकटी राबायची. तिच्यासारखी वांगी मनोरीत कुणाची होत नव्हती, असं लोकच म्हणायचे. मग संप झाला, गिरणीत परत कुणी घेतलं नाही आणि अनंता वाडीत आला. त्याला यंत्राची सवय. आज केलेलं आज दिसायला हवं. त्यानं मालाडच्या दुकानातून पांढऱ्या खताच्या गोण्या आणल्या, पाठीवर बांधायचा फवाऱ्याचा पंप आणला. पहिल्या वर्षी पीक असं आलं की मथुरा देवळापुढे नारळ फोडून आली. दुसऱ्या वर्षी खत दीडपट लागलं. या तिसऱ्या वर्षी दुप्पट लागत होतं आणि वांग्याच्या पोटात अळी ती होतीच.

जानकीचं सगळं जुन्या चालीनं. हरेश्वर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, महिन्यातले वीस दिवस दर्यात. ती एकटीच. वाडीच्या कोपऱ्यात तिचा पुरुषभर खोल खड्डा होता. त्यात शेण, पालापाचोळा आणि मासळीची घाण: बोंबलाची डोकी, जवळ्याचा चुरा, मासळी वाळवायच्या खळ्यावरची झाडलोट. ही घाण तिला खळ्यावरच्या पुतळाबाई आणि तिच्या सोबतिणी देत. बदल्यात जानकी त्यांच्या घरी भाजी टाकायची. वास असा यायचा की मथुरा जेवताना मुद्दाम खिडकी लावून घ्यायची आणि लावताना मोठ्यानं आपटायची.

दोन्ही वाड्यांच्या मधे बावखल होतं. गोड्या पाण्याचं खोल तळं, तीन बाजूंनी उतार आणि एका बाजूला दगडी पायऱ्या. दोन्ही घरांचं शिंपणं त्यावर. पावसात ते भरून वाहिलं की ओहोळानं खाडीत उतरायचं. जानकीनं आपल्या बाजूच्या काठावर दोन हात जागा सोडून अळू आणि गवत वाढवलं होतं. मथुरेचे वाफे थेट पाण्याला टेकलेले, तसूभर जागा वाया घालवायची नाही असा अनंताचा हिशेब. दोन वर्षांत मथुरेच्या बाजूनं पाण्यावर हिरवी साय धरायला लागली होती. त्यात पाय बुडाले की पोटऱ्यांना खाज सुटायची. मथुरा खाजवायची, पण घरात जाऊन.

पायऱ्यांलगतचा चार गुंठ्यांचा तुकडा सासूचा होता. सोनूबाईनं तो वाटणीत कुणालाच दिला नव्हता. काळी, लोण्यासारखी माती, पाणी हाताशी. पंचाहत्तरीपर्यंत ती स्वतः त्यात वाल आणि मिरच्या करायची. आता तिला खाली बसलं की उठवत नव्हतं. ती पंधरा दिवस थोरल्याकडे आणि पंधरा दिवस धाकट्याकडे जेवायची. त्या पंधरवड्यात ती मथुरेकडे होती.

"माघी गणपती झाला का सांगते," ताटातलं वांगं बाजूला सारत सोनूबाई म्हणाली. "तुकडा कोणी कसायचा ते. दोघींची वाडी बगेन आन् सांगेन."

"बगायचं काय त्यात, आय? मी थोरली हाय."

"थोरली हायस तं हायस. माती काय वय इचारते?"

मथुरेनं ते बाजूला सारलेलं वांगं पाहिलं. जानकीकडे म्हातारी दोनदा भाजी मागून घेते, हे तिला ठाऊक होतं. भिंतीला कान लावून तिनं स्वतः ऐकलं होतं.

तो तुकडा मथुरेला हवा होता. नुसता हवा नव्हता, तो मिळाला नाही तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही असं तिला वाटत होतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या पायऱ्यांवरून सासूच्या मिरच्यांना पाणी घातलं होतं. जानकी आली ती बारा वर्षांनंतर. आणि आता त्याच पायऱ्या उतरताना जानकीची परवानगी घ्यायची? तिला रात्री झोप लागेना.

*

माघी गणपतीला पाच आठवडे होते. मथुरेनं ठरवलं, जानकी मासळीचं खत घालते ना, आपणही घालू. तिच्या दुप्पट घालू. पांढरं खत आणि मासळी, दोन्ही. मग बघू म्हातारी कुणाचं ताट चाटते.

ती खळ्यावर गेली. पुतळाबाई बोंबील वाळत घालत होती. साठीची बाई, पण खांदे पुरुषाला लाजवतील असे.

"घाण? ती तं जानकीची हाय," पुतळाबाई म्हणाली. "वरीसभराची. तिनं आमच्या घरी भाजीचं नाय कवा चुकवलं. तिची पोर आजारी होती तवा पण स्वतः आणून टाकली."

"दोन पाट्या दिल्यास तं काय बिघडंल?"

"जानकीला इचार. ती हो म्हणाली तं घेऊन जा."

जानकीला विचारायचं! त्यापेक्षा खाडीत उडी मारणं परवडलं. मथुरा तिथून निघाली ती तरातरा गावाच्या टोकाला काशीरामशेटच्या छपराकडे गेली. तिथं खारवणीचं, म्हणजे सुरमई आणि बांगडा मिठात घालायचं काम चाले. छपरामागे खारवलेल्या मासळीची डोकी, कल्ले, आतडी आणि मीठ यांचा ढीग पडलेला. शेटचा माणूस म्हणाला, न्या हवं तेवढं, उलट आमचं काम वाचेल.

मीठ आहे हे मथुरेला दिसत नव्हतं असं नाही. तिच्या हातांच्या भेगांत ते लगेच झोंबलं. पण माडाच्या मुळाशी दरवर्षी मीठ घालतात, तिच्या बापाच्या दारात घालायचे, आणि माड कसे नारळांनी लगडायचे. माडाला मीठ मानवतं, मग मुळ्याला काय धाड भरली? मासळीचा कस आणि वर मीठ, म्हणजे जानकीपेक्षा एक पाऊल पुढेच. असा तिनं मनाशी विचार केला आणि तो तिला इतका आवडला की कुणाला विचारावंसं की सांगावंसं वाटलं नाही; पीक आलं की बघतीलच.

तीन दिवस, दिवेलागणीनंतरच्या अंधारात, ती पाट्या वाहत होती. खारं पाणी पाटीतून गळून मानेवरून पाठीत उतरायचं. काखेत, मांड्यांवर चट्टे उठले. लुगड्याचा वास साबणानं जाईना; तो जानकीच्या खड्ड्याचा, असं तिनं सांगितलं, तरी अनंता ओट्यावर जाऊन निजला. चौदा पाट्या तिनं वाफ्यांत पसरल्या, वर माती ओढली आणि खाली काय आहे ते न सांगता अनंताकडून पांढरं खत फेकून घेतलं. जानकी पलीकडून अळू कापताना एकदा वाकून बघत होती. मथुरेनं मुद्दाम गाणं म्हणायला सुरुवात केली.

आठव्या दिवशी मुळ्याच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. दहाव्या दिवशी त्या तपकिरी होऊन मुडपल्या. वांग्याची फुलं गळाली. मथुरेनं घाबरून जास्त पाणी घातलं. पाणी सुकलं तशी मातीवर पांढरी खपली धरली. बोट लावून तिनं जिभेवर ठेवलं आणि मट्कन बांधावर बसली. अनंतानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कीड हाय."

"कीड? मग पावडर मारतो."

"मार."

त्यानं पंप पाठीला लावून दोन फेऱ्या मारल्या. रोपं तशीच मरत राहिली, आता वर पावडर घेऊन.

संध्याकाळी जानकी बांधाशी आली. पदरानं हात पुसत उभी राहिली, बोलू का नको अशी. मग हळूच म्हणाली, "जाऊबाय, खारवणीतलं घातलंस काय? ते अख्खा पावसाळा उघड्यावर ठेवावं लागतं. मीठ उतरलं का मग घालायचं. आता वरवरचं काढून लांब नेऊन पूर. मी येते मदतीला."

गोड बोलली. खरं सांगायचं तर मनापासून बोलली. मथुरेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या त्यामुळेच.

"तुना कोणी इचारलं? कीड हाय ती! तुझ्याच खड्ड्यातून आलीय!"

जानकी घरात गेली. मथुरेला कळून चुकलं की हिला सगळं ठाऊक आहे. उद्या ही म्हाताऱ्या सासूला सांगेल, परवा खळ्यावरच्या बायका हसतील. थोरलीनं मुळ्याला मीठ घातलं! लहान पोरंसुद्धा चिडवतील. कुणाच्या डोळ्यांना दिसण्याआधी हे वाफ्यातून निघायलाच हवं होतं.

सकाळी अंग तापलंय असं सांगून मथुरा बाजाराला गेली नाही. जानकी होडीवर गेली, अनंता मालाडला पावडर बदलून आणायला गेला, सोनूबाई ओट्यावर उन्हाला पाठ देऊन पेंगत होती. मथुरेनं खुरप्यानं वाफे खरवडायला घेतले. लांब नेऊन पुरायचं तर चौदा पाट्या दिवसाढवळ्या गावातून न्यायला हव्या. सगळ्यांनी विचारलं असतं. बावखल मात्र चार पावलांवर होतं, खोल होतं. पाण्यात गेलं की कुणाला दिसणार?

पहिली पाटी ओतताना तिचा हात क्षणभर थांबला. मग ओतली. दुसऱ्या पाटीला हात थांबला नाही. उन्हं वर येईतो काम संपलं. पाटी तिनं पायऱ्यांवरच खंगाळली.

*

दोन दिवसांनी बावखलाचं पाणी चहासारखं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मासे वर आले. आधी तोंडं वर काढून हवा गिळत होते, दुपारपर्यंत पोटं वर करून तरंगायला लागले. लहानमोठे सगळे. हरेश्वरनं पोरपणी आणून सोडलेल्या माशांची ती पिल्लावळ. बेडूकही मेले. मग तळाचं फुगून वर आलं: कल्ले, आतडी, सुरमईची डोकी, सगळी हिरव्या सायीत अडकलेली. वास गावाच्या देवळापर्यंत गेला.

माणसं जमली. मासळीची डोकी बघून कुणाला दुसरं काही सुचलंच नाही. मनोरीत शेतात मासळी घालणारी बाई एकच.

"जानके, हे काय करून ठेवलंस?" अनंता ओरडला. "खड्डा फुटला काय तुझा?"

जानकी पायऱ्यांवर उभी होती. तिनं पाण्याकडे पाहिलं, मग मथुरेच्या ओक्याबोक्या वाफ्यांकडे पाहिलं.

"माझ्या खड्ड्यातलं नाय हे," ती म्हणाली.

"मग कोणाचं?" सोनूबाईनं काठी आपटली. "आभाळातनं पडलं?"

आता ही बोलणार. सांगणार खारवणीचं, मिठाचं, सगळं. मथुरेनं उलट उत्तरही तयार ठेवलं होतं. पण जानकीनं ओठ घट्ट मिटले आणि ती खाली बघत राहिली. गर्दीतले दोघंतिघं च्यक्‌च्यक् करायला लागले. मथुरेला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच राग आला. हिनं वाचवावं एवढी आपण खाली आलो काय?

"तुझ्यावर इश्वास होता माझा," सोनूबाई जानकीला म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं खणलंय हे बावखल. गणपतीपर्यंत थांबायचं नाय आता मना. तुकडा मथुरेचा. सगळ्यांनी ऐका. पायऱ्या पण तिच्या."

झालं. ज्यासाठी महिनाभर झोप उडाली होती ते चार शब्दांत पदरात पडलं. अनंतानं मथुरेकडे बघून मान हलवली. मथुरा गर्दीतून वाट काढून त्या तुकड्यात जाऊन उभी राहिली. काळी माती तिच्या टाचांखाली मऊ लागली. इथं वांगी लावायची, की वाल? ती मनात वाफे पाडायला लागली, पण ते वाफे काही केल्या सरळ पडेनात.

माणसं पांगली. जानकीनं घरात जाऊन पाटी आणली, लुगडं वर खोचलं आणि ती पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. दोन्ही हातांनी घाण पाटीत ओढायची, पाटी डोक्यावर घ्यायची, निसरड्या पायऱ्या चढून लांब नेऊन टाकायची आणि परत उतरायचं. एकदा तिचा पाय सटकला आणि ती पाटीसकट बसली. तोंडावर सगळं उडालं. तिनं दंडानं तोंड पुसलं आणि पुन्हा उतरली. तिनं कुणाला हाक मारली नाही आणि मथुरेकडे वर मान करून पाहिलंही नाही.

मथुरा आपल्या तुकड्यातून बघत होती. बघ, भोग, असं तिनं स्वतःशी म्हणून पाहिलं. ते नीट म्हणता येईना.

तेवढ्यात खळ्याकडून पुतळाबाई आली. तिच्या मागं पाच बायका, प्रत्येकीच्या कमरेला पाटी. वास घेऊन नाकाला पदर लावला त्यांनी, पण थांबल्या नाहीत.

"काय गो, वाट लावलीस ना पाण्याची!" पुतळाबाई काठावरूनच गरजली. "ऱ्हाव दे, हाताची चूक कोणाला चुकलीय! चला गो, उतरा. हे पाणी खाडीत गेलं तं आमची कोळंबी मरंल. आन् ही एकटी काढत बसली तं दुसरा गणपती यील."

पाचही जणी उतरल्या. ओळ लागली. जानकी सगळ्यांत खोलात, तिच्या हातून भरलेली पाटी दुसरीकडे, तिच्याकडून तिसरीकडे, रिकामी पाटी परत. एकीनं जानकीच्या केसांत अडकलेलं आतडं काढून फेकलं आणि अशी काही बोलली की सगळ्या खो खो हसल्या. जानकीही हसली. मघाशी आळ घेऊन उभी राहिलेली बाई, अख्ख्या गावापुढं तोंड काळं झालेली, आणि ती हसत होती! त्या बायकांना वाटत होतं की चूक हिचीच आहे. तरी त्या आल्या होत्या. कामं टाकून, स्वतःच्या पाट्या घेऊन.

आपण पाण्यात असतो तर? कोण आलं असतं? तिनं मनात एकेक घर घेतलं. काशीरामशेटचा माणूस आला नसता. मालाडचा पंपवाला आला नसता. अनंता तर आताच चिलीम घेऊन ओट्यावर बसला होता. चौदा पाट्या तिनं वाहिल्या, मान तिची सोलली, हात तिचे फाटले, आणि त्या सगळ्याचं जे काही झालं तेसुद्धा जानकीच्या नावावर गेलं. बाजारात तिच्या जुड्या जानकीच्या म्हणून खपल्या, आणि आता तिची घाणही जानकीची म्हणून निघत होती, वर हसण्याखिदळण्यासकट. हे मात्र तिला सोसेना. बाकी सगळं तिनं सोसलं असतं.

"ते तिचं नाय!" मथुरा ओरडली. तिचा आवाज चिरकला. "ऐका गो! ते माझं हाय! मी टाकलंय!"

सगळ्या थांबल्या. हातातल्या पाट्या हातात राहिल्या. ओट्यावरून सोनूबाई उठून काठी टेकत दोन पावलं पुढे आली.

"काय बोलतेस तू?"

"खारवणीतलं आणलं मी. काशीरामशेटकडनं. चौदा पाट्या. मुळ्याला घातलं, मुळा जळला, मग ह्यात ओतलं. तिचा काय संबंध नाय त्यात. तिला मासळीतलं काय कळतं? ती बोटबोट मुळे काढते!" मथुरा धापा टाकत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचाही तिला राग येत होता. "चौदा पाट्या एकटीनं वाहिल्या मी. एकटीनं!"

अनंतानं चिलीम बाजूला ठेवली. पुतळाबाईनं जानकीकडे पाहिलं आणि जानकीनं पाण्याकडे.

"मग तुकडा तुझा नाय," सोनूबाई म्हणाली. आवाज चढवून नाही, साधाच. "माझा शब्द मी मागं घेतला. ऐकलंस?"

"ऐकलं."

"बाहेर ये त्यातनं."

मथुरा तुकड्याबाहेर आली. चार पावलांत तिची सगळी जमीन संपली. ती काठावर उभी राहिली. खाली सहा बाया कमरेएवढ्या घाणीत, वर सासू, मागं नवरा. घरात जावं तर घराची वाट सगळ्यांच्या समोरून. ती लुगड्याचं टोक बोटांनी पिळत राहिली.

"आता उभी काय ऱ्हातेस?" पुतळाबाई म्हणाली. "चौदा टाकल्यास ना? मग उतर. आमी काय तुझ्या बापाची चाकरी करायला आलोय?"

एक बाई फिस्सकन हसली. बाकीच्या हसल्या नाहीत. मथुरेनं लुगडं वर खोचलं, काठावरची पाटी उचलली आणि ती पायऱ्या उतरली. पाणी कोमट होतं. मांड्यांवरच्या चट्ट्यांना ते लागलं तेव्हा तिनं दात आवळले. ओळीत जागा एकच मोकळी होती, सगळ्यांत खोलात, जानकीच्या शेजारी.

जानकी थोडी सरकली. तिनं मथुरेकडे पाहिलं नाही. "तिकडनं ओढ," एवढंच म्हणाली. "कोपऱ्यात जास्त हाय."

"ठाव हाय मना. मीच टाकलंय."

मथुरा वाकली. हात कोपरापर्यंत खाली घालून तिनं कुजलेली डोकी, कल्ले, काळा चिखल पाटीत ओढला. पाटी भरत आली तशी तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. जानकीची पाटी काठोकाठ भरलेली होती.

मथुरेनं आपल्या पाटीवर आणखी दोन ओंजळी चढवल्या आणि मग ती पुढे दिली.